तसबिरीमागच्या फळ्या

देवाचा फोटो फुटला की त्याचं काय करायचं, हे आमच्या मलकापूरकडे कुणाला विचारावं लागत नाही. काच तडकलेला, कागद कुरतडलेला, रंग उडालेला फोटो घरात ठेवत नाहीत. तो नळगंगेत सोडतात. उन्हाळ्यात पात्रात पाण्याऐवजी बाभळी आणि प्लास्टिक असतं, तेव्हा पिंपळाच्या पारावर ठेवून येतात. कुठल्याही गावचा पार बघा. शंकर-पार्वती, बालाजी, सत्यनारायण एकमेकांना टेकून उभे असतात. कुणाच्या पाठीचा पुठ्ठा लोंबतो, कुणाच्या चौकटीला अजून तारेचा फास असतो. टाकून दिलेत म्हणावं तर ठेवणाऱ्यानं हात जोडलेले असतात. ठेवलेत म्हणावं तर पहिल्या पावसात त्यांचा लगदा होणार, हे त्यालाही ठाऊक असतं.

मला लहानपणापासून या पाराबद्दल आदर वाटत आला आहे. संपलेल्या गोष्टीला उकिरडा न दाखवता निरोप द्यायची ती रीत आहे. म्हणून कुणी एकदम म्हणालं, की जुनं सगळं जपलं पाहिजे, तर माझ्या डोळ्यांपुढे आधी पार येतो. जपणं तेवढं चांगलं आणि सोडणं वाईट, असं आपल्याकडे कधी नव्हतंच. गणपती दहा दिवसांचा. भुलाबाई महिन्याची. रांगोळी सकाळच्या झाडूपर्यंतची. जिवतीचा कागद घ्या. वर नरसिंह, कालियावरचा कृष्ण, खाली पोरांना खेळवणाऱ्या जिवत्या, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. श्रावणाच्या तोंडावर बाजारातून आणायचा, भिंतीला चिकटवायचा, आघाड्याची माळ घालायची आणि श्रावण सरला की काढायचा. पुढच्या वर्षी नवा. इतकी वर्षं, इतक्या घरांत इतके कागद लागले. पण मला वाटतं, शंभर वर्षांपूर्वीचा एखादा जिवतीचा कागद आज शोधू गेलात, तर राजा रविवर्म्याच्या चित्रापेक्षा तो मिळायला अवघड जाईल. त्याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण जिवतीच्या कागदाला कुणी ‘राहा’ म्हटलंच नव्हतं.

मग आमच्या घरातली लक्ष्मी का ठेवायची, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी घरात निघाला. निघाला म्हणजे, वैशाखातल्या एका वावटळीत तसबीर भिंतीवरून खाली आली आणि काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. आत्या तेव्हा माहेरपणाला आलेली. पंचाहत्तरीची बाई, पण घरातल्या देवांच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. तिनं खालूनच सांगितलं, “फुटलेली काच घरात नाही ठेवत रे बापा. लक्षुमीले असं ठेवतेत का? उत्तरपूजा कर अन् सोडून ये.”

पुण्याच्या चुलतभावाला मी मोबाइलवर फोटो पाठवला होता, नुसतं कळावं म्हणून. दोन दिवसांनी त्याचा फोन. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं फोटो पाहिला होता आणि आहे त्या स्थितीत घ्यायला तयार होता. दोन क्विंटल कापसाचे येतील एवढे पैसे. “जाऊन जाऊन नदीतच जाणार ना? त्यापेक्षा कुणाच्या तरी चांगल्या घरात जाईल,” असं भाऊ म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. त्या व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक ती आमच्यापेक्षा बरी ठेवेल, हे मी आजही मान्य करतो.

एकीकडे नदी, दुसरीकडे बाजार. दोघांचंही म्हणणं एका अर्थी सारखंच होतं, की तुमचं आणि हिचं नातं संपलं.

मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तसबीर उलटी करून मागच्या फळ्या काढल्या. आमच्याकडच्या जुन्या तसबिरींना मागे पुठ्ठा नसायचा. खोक्यांच्या पातळ फळ्या चिरून लावायचे, वर चुका ठोकायचे. चार फळ्या, त्यातल्या एकीवर चहाच्या कंपनीची अर्धी अक्षरं. फळी आणि चित्र यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा एक थर, हात लावला की पापडासारखा मोडणारा. आणि चित्राच्या पाठीवर तीन तपकिरी रेघा, सरळ, फूटपट्टीनं आखाव्यात तशा. दोन फळ्यांच्या मध्ये जिथं फट, तिथं रेघ. एका ठिकाणी तर फळीतल्या गाठीचा गोल डाग जसाच्या तसा उमटलेला. पुढून पाहिलं तर तो डाग लक्ष्मीच्या डाव्या खांद्यामागं, आकाशात. इतकी वर्षं आम्ही त्याला ढग समजत होतो.

कागद म्हातारा होतो तो काही नुसत्या वयानं नाही. एकोणिसाव्या शतकात कापडाच्या चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद निघाला, शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालू लागले. तो स्वस्त झाला आणि तेव्हाच त्याच्या पोटात आम्ल बसलं. ते धागे आतून कुरतडतं. हातानं केलेला, चिंध्यांचा कागद असलेली चारशे वर्षांची पोथी मऊ राहते आणि आपल्या आजोबांच्या वेळचं वर्तमानपत्र घडीवर तुटतं, ते यामुळे. त्यात तुम्ही मागं कच्च्या लाकडाची फळी लावली, तर तिचंही आम्ल कागदात उतरतं. फटीतून धूळ, धूर आणि दमट हवा शिरते. मग पुढून काच कितीही पुसा. चित्राला मारणारी गोष्ट बहुतेक वेळा त्याला धरून ठेवण्यासाठी लावलेली असते. फळी, चुका, डिंक, चिकटपट्टी. माणसांच्या बाबतीत असं म्हटलं तर ते फार शहाणपणाचं वाटतं, म्हणून म्हणत नाही.

लक्ष्मी तीच, सगळ्यांनी पाहिलेली. कमळावर उभी, चार हात, मागं सोंडेत माळ घेतलेला हत्ती. राजा रविवर्मा त्रावणकोरचे. पण त्यांचं हे चित्र घरोघर गेलं ते आपल्या मुलखातल्या छापखान्यामुळे. मूळ तैलचित्रं राजवाड्यांतून होती. सर टी. माधवराव या दिवाणांनी त्यांना सुचवलं होतं, की चित्रं युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढून घ्या. रविवर्म्यांनी त्यापेक्षा मोठं धाडस केलं. जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणून 1894 साली मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. धंदा त्यांना जमला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन कारागिराला तो विकला आणि 1906 मध्ये ते गेले. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. पुण्याचा चित्रशाळा छापखाना त्याहून जुना, 1878 चा, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या साथीदारांबरोबर काढलेला. तिथली रामपंचायतनं आमच्याकडे काही घरांत अजून दिसतात.

एकेका रंगासाठी एकेक दगड. मऊ, बारीक कणांचा, बव्हेरियातून येणारा चुनखडीचा दगड. गुलाबीचा वेगळा, निळ्याचा वेगळा, अंगाच्या कांतीचे तर दोन-तीन. तोच कागद पुन्हापुन्हा त्या दगडांखालून जायचा आणि दरवेळी केसाइतकाही सरकून चालत नसे. भिंग लावून पाहा. नंतरच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे सारखे ठिपके ओळीत बसलेले दिसतात, मुंग्यांच्या रांगेसारखे. दगडावरच्या छपाईत ठिपके लहानमोठे, हातानं टिपलेले. आमच्या लक्ष्मीच्या गालावर तसे हातचे ठिपके आहेत.

हे चित्र आमच्याकडे पणजोबांनी आणलं. भुसावळ-नागपूर रेल्वे 1867 पर्यंत पुरी झाली होती, मलकापूरला गाडी थांबत होती, सरक्या काढलेला कापूस मुंबईला जायचा आणि परतीच्या वाटेनं कंदील, छत्र्या, कपबश्या आणि देव यायचे. पणजोबा जिनात हमाली करायचे. आमची जात देवळाच्या पायरीपर्यंतची. आत काय आहे ते पायरीवरून दिसायचं तेवढंच, समईच्या उजेडात काहीतरी काळं, चमकणारं. त्या माणसानं मजुरीतून चित्र विकत घेतलं, वर पुन्हा सुताराला पैसे देऊन सागाच्या चौकटीत मढवलं, काच लावली आणि घरात टांगलं. आता देवी त्याच्याकडे बघत होती, समोरून, भरदिवसा, आणि मध्ये पुजारी नव्हता. रविवर्म्याची चित्रं कलेच्या दृष्टीनं किती खरी, किती नाटकी, यावर मोठमोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ती कशी दिसली असतील, हे त्यात क्वचित येतं.

याची दुसरी बाजूही आमच्याच गावानं पाहिली आहे, ती सांगितली पाहिजे. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्यानंतर आमच्या शेजारच्या वस्तीतल्या घराघरांतून देवांचे फोटो खाली उतरले. बुद्ध आणि बाबासाहेब वर गेले. त्या घरांतही मजुरीच्या पैशांनी घेतलेल्या अशाच तसबिरी असणार. त्या त्यांनी जपल्या नाहीत, आणि त्यांनी त्या जपायला हव्या होत्या असं म्हणायची माझी छाती नाही. भिंतीवरून एखादी तसबीर उतरवणं हेसुद्धा कधीकधी माणसाचं सर्वांत सरळ कृत्य असतं. त्यांनी विचार करून उतरवलं. आमच्याकडे ते वावटळीवर सोपवायचं चाललं होतं, हा फरक.

मढवणं म्हणजे काय, यावर मी त्या दिवसांत बराच विचार केला. जिवतीचा कागद आपण चिकटवतो, तसबीर मढवतो. काच, चौकट, तार, खिळा. मढवणारा त्या कागदाला म्हणतो, तू आता राहायचं. तो शब्द असतो. पणजोबांनी तो लक्ष्मीला दिला की येणाऱ्या पोरांना दिला, हे सांगता येत नाही. पण दिला हे त्या सागाच्या चौकटीवरून कळतं. घरातली भांडी गहाण पडली, दुष्काळात बैल गेले, चौकट राहिली. मग ज्यानं शब्द दिला तो गेला की शब्दही सुटतो का? नातवंडांनी तो पाळायला ते बांधलेले आहेत का? माझं मत असं, की नेहमी बांधलेले नसतात. पण तोडायचा तर तोंडानं तोडावा, दुर्लक्षानं नाही. म्हणून मी आत्याला म्हणालो, तुला सोडायचीच असेल तर सोडू, पण काच फुटली म्हणून नाही. काच काय, नवी येते.

आत्यानं यावर जे म्हटलं ते मला अपेक्षित नव्हतं. “काच नवी येते. तिच्या पायाशी माया मायनं लावलेलं कुकू नवं येते का?”

हे कुंकू हाच खरा पेच होता. चित्राच्या खालच्या भागात, कमळाच्या पाकळ्यांवर, रुपयाएवढा लालतपकिरी डाग आहे. पूर्वी केव्हातरी काच बरीच वर्षं नव्हती म्हणे, तेव्हा आजी बोट थेट कागदावर टेकवायची. शेजारी तुपाचा एक ठिपका. तिथं कागद उजेडात धरला तर खिडकीसारखा पारदर्शक दिसतो. व्यापाऱ्यानं फोनवर विचारलं होतं, की तो डाग निघेल का, निघाला तर भाव वाढेल. मुंबईत कागदाचं संवर्धन करणाऱ्या एका बाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, प्रयत्न करता येतो, पण पाण्यानं कुंकवाचा रंग पसरतो, चित्राचा रंगही सोबत येऊ शकतो. आणि मग त्यांनीच विचारलं, “तुम्हाला तो काढायचा का आहे?”

मला काढायचा नव्हता. पण ‘ही श्रद्धेची खूण आहे, राहू द्या’ एवढं म्हणून सुटका होत नाही. तूप कागदाला खातंच. नैवेद्याच्या गुळासाखरेवर झुरळं येतात, मग चांदीसारखा तो सरपटणारा किडा येतो आणि कागदाचा वरचा पापुद्रा चाटून नेतो. उदबत्तीचा धूर काळा थर चढवतो. म्हणजे आजीनं चित्रावर जेवढं प्रेम केलं, तेवढं ते झिजवलं. दुर्लक्षानंही झिजलं आणि पूजेनंही झिजलं. पण या दोन झिजांचा हिशेब एकाच वहीत लिहावा असं मला वाटत नाही. फळीच्या गाठीचा डाग कुणालाच नको होता, तो नुसता आळसाचा. कुंकवाचा डाग हे चित्र ज्यासाठी घेतलं त्या कामाचा भाग. उंबरठ्याची फळी मधोमध झिजते, तिथं कुणी लांबी भरून सपाट करत नाही.

तरी पुढं काय? कुंकू लावत राहायचं? लावत राहिलं तर चित्र आणखी तीस-चाळीस वर्षांत संपेल. थांबवलं तर देवघरातली देवी भिंतीवरचं चित्र होईल. आत्याच्या भाषेत, “म्हंजे तिले तुरुंगात घालतं का काय?” मला यावर चलाख उत्तर सुचलं नाही. वॉल्टर बेंजामिन नावाच्या जर्मन विचारवंताच्या 1936 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असं मांडलं आहे, की यंत्रानं प्रती काढल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं तेजोवलय जातं. आमच्या घरांत मात्र उलटं झालं. हजारांनी छापलेली प्रत आली आणि शंभर वर्षांच्या हळदीकुंकवानं ती एकच एक झाली. अशी दुसरी लक्ष्मी कुठल्याही संग्रहालयात नाही. छाप असेल, हा डाग नसेल. आणि ज्या दगडांवरून ती निघाली तो मळवलीचा छापखाना 1972 साली आगीत गेला, त्यामुळे तशी नवीन निघणारही नाही.

याच घरात सरस्वतीही होती, अजून आहे. तिची गोष्ट लहान आहे. तिची चौकट केव्हातरी बदलली. नवी चौकट बुटकी निघाली, तेव्हा कुणीतरी खालची चार बोटं पट्टी कापून टाकली. त्या पट्टीत छापखान्याचं नाव असतं. लक्ष्मीच्या पट्टीवर आहे, इंग्रजीत, मळवली-लोणावळ्याच्या पत्त्यासकट. ती मागं दुमडलेली होती म्हणून वाचली. सरस्वतीची गेली, आणि आता ती कुठून आली, कधीची, हे तिच्याकडून कुणी वदवून घेऊ शकत नाही. कात्रीचे दोन मिनिटांचे काम.

म्हणून फ्रेमवाल्या चाचांशी माझी पहिली बोलाचाली याच पट्टीवरून झाली. बाजारात त्यांचं काच-फ्रेमचं लहानसं दुकान. एका भिंतीवर गजानन महाराज, शेजारी मक्का-मदीना, खाली कुणाच्या तरी लग्नाचे आणि वारलेल्यांचे फोटो. त्यांनी लक्ष्मी हातात घेण्याआधी हात धुतले, फडक्याला पुसले. मग कपाळावर चष्मा चढवून म्हणाले, “इतना नीचे से काट दूँ तो बराबर बैठेगा.” मी नाही म्हणालो. दुमडू का? नाही. मग चौकट मोठी लागेल, पैसे जास्त लागतील. लागू द्या. चाचा हसले. म्हणाले, तीस वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, जे फ्रेमला फोटोप्रमाणं बनवायला सांगतंय. लोक त्यांना दर वेळी सांगतात, घरात अमुक मापाची रिकामी फ्रेम पडली आहे, तिच्यात बसवा. दोष त्यांना काय द्यायचा?

आणि एक गोष्ट त्यांनीच सांगितली, जी मला पुढं मुंबईच्या बाईंकडूनही ऐकायला मिळाली. पावसाळ्यात मढवू नका. ओली हवा काचेमागं कोंडली जाते आणि बुरशी धरते. आम्ही फाल्गुनापर्यंत थांबलो. तोवर लक्ष्मी माझ्या टेबलाच्या खणात, दोन स्वच्छ कागदांमध्ये आडवी निजून होती. आत्या दिवाळीत आली तेव्हा तिनं खणालाच हळदकुंकू वाहिलं.

बाईंनी जे सांगितलं त्याचा सगळा रोख एका गोष्टीवर होता. कागदाला असं काही करू नका, जे नंतर कुणाला काढता येणार नाही. लॅमिनेशन करू नका, प्लास्टिक कागदात वितळून बसतं. फेव्हिकॉल नको, सेलोटेप नको. टेपचा डिंक पिवळा होऊन आत मुरतो. चित्र पुठ्ठ्यावर सपाट डकवू नका, कारण कागद श्वास घेतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत, जुलैत भिंतींना ओल. कागद आकसतो, फुगतो. चारी बाजूंनी जखडला तर फाटतो. त्याला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी धरायचं आणि बाकी लोंबू द्यायचं, दोरीवरच्या कपड्यासारखं. जपानी लोक तुतीच्या सालीचा पातळ, चिवट कागद करतात. त्याच्या दोन पट्ट्यांच्या बिजागऱ्या, आणि त्या चिकटवायला गव्हाची खळ. ती पाण्याच्या हातानं पुन्हा सुटते.

गव्हाची खळ म्हणजे पीठ शिजवून केलेली नव्हे, नुसत्या सत्त्वाची. मी फोनवरची कृती वाचून दाखवत होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चोथा काढायचा, पांढरं खाली बसू द्यायचं, वरचं पाणी ओतायचं. आत्या मध्येच म्हणाली, “अरे, हा तं कुरडयाचा चीक!” होताच. फक्त मीठ-हिंग नको. तीन दिवस गहू भिजवून, पाट्यावर वाटून, तिनं तो केला. वाटीभर चिकातला आम्हाला चमचाभर लागला. राहिलेल्याला फोडणी देऊन आम्ही खाल्ला. सोडून ये म्हणणारी बाई आता वाटी हातात घेऊन विचारत होती, “एवढा पातळ पुरते का, का आणखी आटवू?” मी तिला मन का बदललं असं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

बाकी काम फार नव्हतं. मऊ कुंचल्यानं धूळ झाडली, मागच्या बाजूनं जास्त, पुढच्या बाजूनं अगदी हलक्या हातानं. पाणी लावलं नाही. खोक्याच्या फळ्यांच्या जागी आम्ल नसलेला पुठ्ठा आला. पुढं खिडकी कापलेला तसाच माउंट. त्याचं काम शोभेचं कमी आणि काच कागदापासून दूर ठेवण्याचं जास्त. पावसाळ्यात काचेला घाम येतो आणि चित्रावरचं वार्निश तिला चिकटून बसतं, मग काच काढली की नाकडोळे काचेवर येतात. माउंटची खिडकी कुंकवाच्या डागाला आणि छापखान्याच्या पट्टीला झाकणार नाही अशी कापली. तुपाचा ठिपका तसाच ठेवला. खांद्यामागचा तो गाठीचा डागही आहे तिथंच आहे. काढायचा तर धुवावं लागलं असतं. पणजोबांची सागाची चौकट आत बसत नव्हती. चाचांनी तिच्याच चार पट्ट्यांना बाहेरून दुसरी चौकट जोडून दिली. मागच्या बाजूला एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं, कधी मढवली, कशानं चिकटवली, काय काढलं, काय काढलं नाही. पुढं ज्याला हे पटणार नाही त्याला उलगडता यावं म्हणून.

चुलतभावाला कळवलं की विकत नाही. तो म्हणाला, मग निम्मी माझीही आहे हे लक्षात असू दे. आहेच. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्याच्या मुलीला ती हवी आहे, माझ्या मुलाला देवाधर्मात रस नाही, असं सध्या आहे. व्यापाऱ्याचा नंबरही भावाकडे आहे.

राहिला उजेड. कागदाला उजेड लागतो तो उन्हासारखा कातडीवरून निघून जात नाही, साठत जातो. पिवळा आणि लाल आधी उडतात, म्हणून हॉटेलांतली जुनी कॅलेंडरं निळी पडलेली दिसतात. संग्रहालयांत अशा चित्रांसाठी उजेड साधारण 50 लक्सच्या आत ठेवतात, म्हणजे जेमतेम नीट दिसेल एवढा. आमच्या ओसरीवर दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून लक्ष्मी आता ओसरीवर नाही. माजघरात, आतल्या भिंतीवर आहे, बाहेरच्या भिंतीला ओल येते म्हणून तीही टाळली. देवघरात नवा छापलेला फोटो आहे, रोजची पूजा त्याची होते. माजघरातल्या तसबिरीवर आत्यानं स्वतःच्या जुन्या नऊवारीचा तुकडा शिवून पडद्यासारखा सोडला आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तो वर करायचा, असं तिनं ठरवलं. वर्षाचे चार गुरुवार, कधी पाच.

गेल्या मार्गशीर्षात ती आली होती. पडदा वर केला, निरांजन लांब, खाली पाटावर ठेवलं, धूर वर जाऊ नये म्हणून उदबत्ती लावलीच नाही. मग करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून तिनं काचेवर, बरोबर आतल्या जुन्या डागाच्या समोर टेकवलं. थोडं डोकं मागं नेऊन पाहिलं. दोन डागांमध्ये बोटभर अंतर होतं. तिनं पदरानं काच पुसली आणि थोडं खाली सरकवून पुन्हा लावलं.